खरेदीदारापुढील दहा मिनिटे : चित्ररूप सादरीकरणाची तयारी कशी करावी?



शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो योग्य भावाने विकणेही महत्त्वाचे आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या स्थापन करता येऊ लागल्या. २०२० साली केंद्र शासनाने देशभरात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना जाहीर केली. त्यामुळे आज अनेक गावांतील शेतकरी संचालक म्हणून मसाला कंपन्या, प्रक्रिया उद्योग, निर्यातदार आणि बँका यांच्यासमोर बसू लागले आहेत. चर्चासत्रे व परिषदांतूनही प्रगतिशील शेतकऱ्यांना अनुभव मांडण्यास बोलाविले जाते. अशा वेळी संगणकावर तयार केलेल्या स्लाइड पडद्यावर दाखवून बोलावे लागते. हे काम कसे करावे याचे शिक्षण मात्र बहुतेकांना मिळालेले नसते.

अलीकडे अशाच एका बैठकीस प्रस्तुत लेखक उपस्थित होता. एका उत्पादक कंपनीच्या संचालकांना दहा मिनिटे मिळाली होती आणि त्यांच्याजवळ बेचाळीस स्लाइड होत्या. पहिल्या बारा स्लाइडमध्ये स्थापना, उद्‌घाटन, सत्कार आणि मान्यवरांच्या भेटी होत्या. किती माल, कोणत्या प्रतीचा आणि केव्हा मिळेल ही माहिती एकतिसाव्या स्लाइडवर होती. ती येण्यापूर्वीच वेळ संपली. खरेदी अधिकाऱ्यांनी आभार मानले आणि पुढच्या कंपनीस बोलाविले. माल उत्तम होता, परंतु तो सांगितलाच गेला नाही. त्या स्लाइड आधी पाहून 'ठीक आहे' असे सांगणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. म्हणूनच हा विषय सविस्तर मांडणे आवश्यक वाटले.

तक्त्यांपासून स्लाइडपर्यंत

दृक्‌श्राव्य साधने कृषि विस्ताराला नवीन नाहीत. तक्ते, भित्तिपत्रके, फ्लॅशकार्ड, खादीग्राफ यांचा वापर गावोगावच्या सभांतून वर्षानुवर्षे होत आला. त्यानंतर पारदर्शिका आल्या. पॉवरपॉइंट हा संगणकीय कार्यक्रम १९८७ साली प्रथम बाजारात आला, तेव्हा त्याचा उपयोग प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका तयार करण्यासाठीच होत असे.

साधने बदलली तरी मूळ तत्त्व बदललेले नाही. खादीग्राफवर जागा थोडी असे, म्हणून मोजकीच चित्रे लावली जात. संगणकावर कितीही मजकूर भरता येतो आणि बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे. पीक दाट पेरले म्हणजे उत्पादन वाढत नाही. रोपांना जागा लागते. स्लाइडवरील मजकुराचेही तसेच आहे.

एका स्लाइडची किंमत

सादरीकरणातील चूक किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे 'कोलंबिया' हे अवकाशयान उडाले. कर्नालच्या कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणाच्या वेळी बाहेरील इंधन टाकीवरील फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच या आघाताचा अभ्यास करून अभियंत्यांनी व्यवस्थापकांपुढे स्लाइड मांडल्या.

त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तळाशी, बारीक अक्षरांत होती. पूर्वीच्या चाचण्या सुमारे ३ घन इंचाच्या तुकड्यावर झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचाचा होता, म्हणजे ६४० पट मोठा. 'लक्षणीय' अशा अर्थाचा एकच मोघम शब्द त्या स्लाइडवर पाच वेळा आला होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

अपघात स्लाइडमुळे झाला असे म्हणता येणार नाही. त्याची कारणे तांत्रिक होती आणि संस्थेच्या कारभारातीलही होती. तथापि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. ती वाचणाऱ्या वरिष्ठास हा जिवावरचा प्रश्न आहे हे कळले नसावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

यातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. सर्वांत महत्त्वाची बाब तळाशी लपवू नये. शीर्षक आणि खालील माहिती यांचा अर्थ एकच असावा. 'भरपूर', 'उत्तम', 'लक्षणीय' असे शब्द टाळून त्या जागी आकडा लिहावा.

प्रथम श्रोता ओळखावा

जमीन पाहून पीक निवडावे तसे श्रोता पाहून सादरीकरण तयार करावे. एकच संच सर्व ठिकाणी वापरणे चुकीचे आहे.

१) कंपनीचे खरेदी अधिकारी : यांना माल, प्रत, वेळ, भाव आणि खात्री एवढेच हवे असते. आपला इतिहास एका वाक्यात पुरे.

२) बँकेचे अधिकारी : यांना उलाढाल, सभासदांचे भागभांडवल, तारण आणि परतफेडीचे वेळापत्रक पाहिजे.

३) परिषदेतील शास्त्रज्ञ व अभ्यासक : आपण काय केले, किती क्षेत्रावर, किती वर्षे आणि तुलना कशाशी केली हे त्यांना सांगावे. न जमलेले प्रयोगही सांगावेत. त्यांचा तेथे मान राहतो.

४) शेतकरी मेळावा : येथे आकडे कमी व छायाचित्रे जास्त असावीत. खर्च-उत्पन्नाचा हिशेब एकरी द्यावा.

श्रोत्यांनुसार मापेही बदलावी लागतात. आपण एकर आणि क्विंटलमध्ये बोलतो. मोठ्या कंपन्या व निर्यातदार हेक्टर आणि टनात विचार करतात. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर आणि १० क्विंटल म्हणजे १ टन. हा हिशेब श्रोत्यास मनात करावयास लावू नये, आपणच करून ठेवावा. अधिकारी परप्रांतीय असतील तर स्लाइडवरील मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत ठेवण्यास हरकत नाही. परंतु बोलावे मात्र ज्या भाषेत आपण न अडखळता हिशेब सांगू शकतो त्याच भाषेत.

आधी कागद, नंतर संगणक

संगणक उघडण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहावे : 'ही बैठक संपल्यावर समोरच्यांनी काय करावे असे आम्हांस वाटते?' उदाहरणार्थ, 'कंपनीने आमचा नमुना तपासणीसाठी घ्यावा व महिन्याभरात करारासाठी बोलवावे.' या वाक्याला मदत न करणारी प्रत्येक स्लाइड काढून टाकावी. उद्‌घाटनाच्या फिती, हारतुरे आणि स्मृतिचिन्हे यांची छायाचित्रे या कसोटीवर आपोआप गळतील.

यानंतर प्रत्येक स्लाइडसाठी कागदावर एक चौकोन आखून त्यात एकच मुद्दा लिहावा. दहा मिनिटांच्या वेळेसाठी सहा-सात चौकोन पुरेसे होतात.

हळदीचे उदाहरण

समजा, हिंगोली जिल्ह्यातील एका उत्पादक कंपनीचे ३२० सभासद आहेत. त्यांची ४०० एकर हळद आहे आणि त्यांना एका मसाला कंपनीस थेट माल द्यावयाचा आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. सादरीकरणाची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल.

स्लाइड १ : 'हिंगोलीतील ३२० शेतकरी, ४०० एकर (१६२ हेक्टर) हळद'. सोबत शेताचे एक स्वच्छ छायाचित्र. (१ मिनिट)

स्लाइड २ : 'एप्रिल ते जून या काळात ३०० टन पॉलिश केलेले हळकुंड देऊ शकतो'. प्रस्ताव येथेच, दुसऱ्या स्लाइडवर मांडावा. (दीड मिनिट)

स्लाइड ३ : 'प्रयोगशाळेत तपासलेली प्रत'. कुरकुमीन, ओलावा आणि कीडनाशक अंशांची तपासणी. (दीड मिनिट)

स्लाइड ४ : 'प्रत्येक पोते कोणत्या शेतातून आले हे सांगता येते'. पोत्यावरील लॉट क्रमांकाचे जवळून घेतलेले छायाचित्र. (१ मिनिट)

स्लाइड ५ : 'शिजविणे, वाळविणे, पॉलिश, साठवण : सर्व एका देखरेखीखाली'. चार छायाचित्रे, ओळीने. (१ मिनिट)

स्लाइड ६ : पुरवठ्याचे वेळापत्रक, पॅकिंग, भाव ठरविण्याची पद्धत. (१ मिनिट)

स्लाइड ७ : 'आमची विनंती'. नमुना तपासणी, शेतास भेटीची तारीख आणि संपर्क करावयाच्या एका व्यक्तीचा दूरध्वनी. (१ मिनिट)

एकूण आठ मिनिटे झाली. उरलेली दोन मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. अनेक वेळा सौदा या दोन मिनिटांतच ठरतो.

शीर्षके कशी लिहिली आहेत हे लक्षात घ्यावे. 'उत्पादन', 'गुणवत्ता' असे एकशब्दी शीर्षक काहीच सांगत नाही. 'तीन वर्षांत क्षेत्र २५० एकरांवरून ४०० एकरांवर गेले' हे शीर्षक वाचले की खालचे चित्र न पाहताही मुद्दा कळतो.

अक्षरे : शेवटच्या रांगेची कसोटी

सभागृहात पडद्याची उंची ५ फूट असून शेवटची रांग ४० फुटांवर असेल, तर ते अंतर पडद्याच्या उंचीच्या आठपट होते. साधारण १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची १९ ते २० सेंटिमीटर असते. तिची आठपट म्हणजे सुमारे ५ फूट. म्हणून स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडून लॅपटॉपपासून पाच फूट मागे उभे राहावे. जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेसही वाचता येणार नाही. ही कसोटी सोपी असून हमखास उपयोगी पडते.

सर्वसाधारणपणे मजकुरास २८ ते ३२ पॉइंट आणि शीर्षकास ३६ ते ४० पॉइंट आकार ठेवावा. एका स्लाइडवर पाच-सहापेक्षा जास्त ओळी नसाव्यात. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींमध्ये जास्त अंतर सोडावे. अन्यथा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात.

मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांत बदलतो. यास्तव मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. मंगल, निर्मला, नोटो किंवा मुक्ता यांपैकी कोणताही फाँट चालेल. शिवाय संपूर्ण संचाची पीडीएफ प्रत काढून ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरे जशीच्या तशी राहतात.

रंग

हळद उत्पादकांना पिवळ्या रंगाचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु पांढऱ्यावर पिवळी अक्षरे दिसत नाहीत. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर काळी अथवा गडद निळी अक्षरे सर्वांत स्पष्ट दिसतात. छायाचित्रावर अक्षरे लिहू नयेत. काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून 'लाल म्हणजे तोटा, हिरवा म्हणजे नफा' एवढ्यावर न थांबता शेजारी शब्दही लिहावेत. एकूण दोन किंवा तीन रंग पुरेसे आहेत.

अक्षरे फिरत येणे, उड्या मारणे, स्लाइड पानाप्रमाणे उलटणे असले प्रकार टाळावेत. त्यात वेळ जातो आणि लक्ष मालावरून उडते.

आलेख : प्रामाणिक आणि सोपा

लांबलचक तक्ता पडद्यावर कोणी वाचत नाही. वर्षागणिक तुलना दाखविण्यास स्तंभालेख योग्य, महिनोमहिनीचे चढ-उतार दाखविण्यास रेषालेख योग्य. वर्तुळालेखात चारपेक्षा जास्त भाग करू नयेत. आकडा स्तंभाच्या डोक्यावरच लिहावा.

स्तंभालेखातील मोजपट्टी नेहमी शून्यापासून सुरू करावी. समजा, कुरकुमीनचे प्रमाण गेल्या वर्षी ३.६ टक्के होते व यंदा ३.८ टक्के आहे. मोजपट्टी ३.५ पासून सुरू केली तर यंदाचा स्तंभ गेल्या वर्षीच्या तिप्पट दिसतो. प्रत्यक्षात वाढ साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. खरेदी अधिकारी रोज असे आलेख पाहत असतात. त्यांच्या लक्षात ही लबाडी आली की पुढचे खरे आकडेही संशयास्पद ठरतात.

तपासणी अहवालांचेही तसेच आहे. दहा नमुने तपासले असतील तर सर्वांत चांगला एकच आकडा दाखवू नये. 'दहा नमुन्यांत कुरकुमीन ३.१ ते ४.० टक्के' असे लिहावे. ४.० टक्के सांगून ३.१ टक्क्यांचा माल पाठविला, तर पहिला ट्रक परत येतो आणि त्याचे भाडे ३२० सभासदांच्या खिशातून जाते.

छायाचित्रे

आपल्या शेताचे, आपल्या मालाचेच छायाचित्र वापरावे. इंटरनेटवरून घेतलेले परदेशी शेताचे चित्र जाणकार लगेच ओळखतात. त्याबरोबर पुढील बाबी पाळाव्यात.

१) मोबाइल आडवा धरून, सकाळच्या किंवा सायंकाळच्या कोवळ्या उन्हात छायाचित्र घ्यावे.

२) हळकुंडाच्या शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो.

३) पार्श्वभूमी नीट पाहावी. मातीवर वाळत घातलेली हळद, फाटकी पोती किंवा शेजारी बसलेले जनावर चित्रात आले, तर अधिकाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. अर्थात चित्रापुरती ताडपत्री अंथरून भागणार नाही. अधिकारी नंतर शेतावर येणारच असतात.

४) व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो. ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

५) चलचित्र दाखवावयाचे असल्यास ते अर्ध्या-पाऊण मिनिटाचे असावे आणि त्याची फाइल लॅपटॉपवरच असावी. सभागृहातील इंटरनेटवर विसंबू नये.

कागदी पत्रक

सर्व माहिती पडद्यावर बसविण्याचा हट्ट धरू नये. सविस्तर तक्ते, तपासणी अहवालांचा गोषवारा, सभासदांची गाववार संख्या, नोंदणी क्रमांक व पत्ता ही माहिती एका कागदावर छापून बैठकीच्या शेवटी द्यावी. आधी दिल्यास श्रोते कागद वाचत बसतात. पडदा बंद होतो, पण कागद अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये राहतो आणि जे अधिकारी बैठकीस नव्हते त्यांच्यापर्यंतही पोहोचतो. त्याबरोबर मालाचा लहान, सीलबंद नमुना लॉट क्रमांकासह द्यावा.

सराव आणि प्रत्यक्ष दिवस

स्लाइड तयार झाल्या म्हणजे अर्धेच काम झाले. घड्याळ लावून किमान तीन वेळा सराव करावा. त्यांपैकी एकदा तरी पिकाची माहिती नसलेल्या माणसासमोर बोलावे. घरातील शाळकरी मुलास मुद्दा कळला तर तो अधिकाऱ्यासही कळेल.

स्लाइडवरील मजकूर वाचून दाखवू नये. श्रोत्यांना वाचता येते. पडद्याकडे पाठ करून श्रोत्यांकडे पाहून बोलावे. शक्य असल्यास दोघांनी जावे. हळद पिकविणाऱ्याने शेताविषयी बोलावे, हिशेब पाहणाऱ्याने भाव व पुरवठा यांविषयी बोलावे. अनेक कंपन्यांत लागवड, काढणी आणि शिजविण्याचे निम्मे काम महिला सभासद करतात. माल कसा तयार होतो हे त्यांच्याइतके नेमकेपणाने दुसरे कोणी सांगू शकत नाही. त्यांना केवळ छायाचित्रात न ठेवता बोलण्यासही न्यावे.

प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास 'तपासून दोन दिवसांत कळवितो' असे स्पष्ट सांगावे आणि खरोखरच कळवावे. भाव, पैसे मिळण्याची मुदत, नापास मालाचे काय, असे प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे संचालक मंडळात आधीच ठरवून घ्यावीत. दोन संचालकांनी दोन वेगळे भाव सांगितले, तर सुंदर स्लाइडचा काही उपयोग होत नाही.

निघण्यापूर्वी पुढील गोष्टी पिशवीत आहेत याची खात्री करावी : लॅपटॉप व त्याचा चार्जर, पेन ड्राइव्हवर मूळ संच आणि पीडीएफ प्रत, प्रोजेक्टर जोडण्याचा कनेक्टर, छापील पत्रके, मालाचे नमुने. बैठकीच्या अर्धा तास आधी पोहोचून पडदा जोडून पाहावा. वीज गेली किंवा प्रोजेक्टर बंद पडला तर छापील पत्रक हातात घेऊन त्याच क्रमाने बोलावे. त्याही स्थितीत मुद्दे सुचले तर तयारी पक्की झाली असे समजावे.

सारांश

१) श्रोता कोण आणि त्याने काय करावे हे आधी ठरवावे.
२) प्रस्ताव दुसऱ्या स्लाइडवर मांडावा, शेवटी राखून ठेवू नये.
३) एका स्लाइडवर एक मुद्दा आणि त्याचे पूर्ण वाक्यात शीर्षक ठेवावे.
४) पाच फुटांवरून वाचता येईल एवढे अक्षर आणि युनिकोड फाँट वापरावा.
५) आलेख शून्यापासून काढावा आणि नमुन्यांचा पूर्ण पल्ला सांगावा.
६) छायाचित्रे स्वतःच्या शेतातीलच घ्यावीत.
७) घड्याळ लावून सराव करावा आणि प्रश्नांसाठी वेळ राखावा.

सुरुवातीस उल्लेख केलेल्या कंपनीच्या संचालकांनी नंतर बेचाळीस स्लाइडच्या आठ केल्या. त्या कमी करताना कोणता सत्कार काढावा यावर त्यांच्यात बराच वाद झाला. शेवटी सगळेच सत्कार काढले गेले. पुढील हंगामात दुसऱ्या एका खरेदीदाराने त्यांच्याकडून नमुने मागविले. माल तोच होता, फक्त या वेळी तो वेळेत सांगितला गेला. आपणही येत्या बैठकीपूर्वी आपल्या स्लाइड याच दृष्टीने एकदा तपासून पाहाव्यात.